निर्दोष माणसाचा कबुलीजबाब

माझ्या नोकरीत मी खुनाचे, दरोड्याचे, अपहरणाचे तपास केले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझा घोटाळा होतो. एक प्रकरण मात्र जसेच्या तसे समोर उभे राहते, आणि त्यात ना रक्त होते ना हत्यार. एका कामगाराने सरकारी कार्यालयाला पाठवलेले दीड पानाचे पत्र, एवढाच काय तो मुद्देमाल. त्या पत्रापायी एक माणूस जितका घाबरलेला मी पाहिला, तितका घाबरलेला खुनाचा आरोपीही मला पुढे कधी भेटला नाही. कुणाचेही नाव मी इथे घेणार नाही. ज्यांना ओळखायचे ते स्वतःला ओळखतील.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षे होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. आमच्या हद्दीत महाप्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने होते. सकाळी ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले की आज कोणता वास आहे यावर शिपायांची पैज लागायची. सडक्या अंड्यांचा वास आला तर अमुक कंपनी, गोडसर आला तर तमुक. आम्ही त्यावर हसायचो. नाक दाबून हसण्याची सवय त्या भागात सगळ्यांनाच होती.

एक दिवस हजेरी आटोपून डाक बघत असताना मॅजिस्ट्रेट कोर्टाचे पाकीट आले. एका कंपनीने आपल्याच कामगाराविरुद्ध अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा. त्यात पोलिसांना स्वतःहून तपास करता येत नाही, अटक तर नाहीच नाही. फिर्यादीने थेट कोर्टात जायचे. मात्र समन्स काढण्याआधी खात्री करून घ्यावी असे मॅजिस्ट्रेटना वाटले, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम दोनशे दोनखाली ते पोलिसांना चौकशी करून अहवाल द्यायला सांगू शकतात. तसा आदेश होता आणि वरिष्ठांनी तो माझ्या नावावर टाकला. ‘कागदी काम आहे, आठ दिवसांत उरका,’ असे ते म्हणाले.

तो कामगार त्या कंपनीत ऑपरेटर होता. त्याने कारखाना निरीक्षकांना लिहिले होते की, क्लोरीनच्या शेडमधला धोक्याचा भोंगा तीन महिने बंद आहे. गॅस सुटला की आपोआप वाजणाऱ्या या भोंग्याची वायरच काढून ठेवली आहे, कारण तो वरचेवर वाजून काम थांबवायचा. साहेब लोकांना हे ठाऊक आहे. खाली नाव, सही आणि टोकन नंबर. कंपनीचे म्हणणे असे की हे सगळे धादांत खोटे असून बदनामीसाठी रचलेले आहे. पुरावा म्हणून शेडच्या रजिस्टरच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा जोडला होता. तासातासाच्या रकान्यात ‘भोंगा – ओके’ असे लिहिलेले आणि त्याच्या पाळ्यांखाली सही त्याच ऑपरेटरची.

मला आधी प्रश्न पडला तो वेगळाच. निरीक्षकांना गेलेले पत्र कंपनीच्या हातात आले कसे? कारखान्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचे. मी त्या कार्यालयात जाऊन फाईल मागितली तेव्हा उलगडा झाला. नोटीस पाठवताना ‘संदर्भ’ म्हणून ज्या कागदाचा उल्लेख असेल त्याची प्रत सोबत जोडायची, अशी तिथल्या लिपिकाची वर्षानुवर्षांची पद्धत. त्याने इमानेइतबारे कंपनीच्या नोटिशीला कामगाराचे पत्र टाचणी लावून जोडले होते. मी विचारले तर तो म्हणाला, “साहेब, सहपत्राशिवाय जावक होतच नाही.” त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नव्हता, आणि त्याने लाच खाल्ली असती तर मला त्याचा इतका राग आला नसता.

मी ऑपरेटरला बोलावणे पाठवले. पस्तिशीचा, सातारा जिल्ह्यातला, किडकिडीत माणूस. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोललेली. त्याने टोपी काढली, पाणी मागितले, पुन्हा मागितले. मी पत्र त्याच्यापुढे ठेवले.

“हे तू लिहिलंस?”

“न्हाय साहेब. माजं न्हाय ते.”

“सही तुझीच दिसतेय.”

“कुनीतरी केली आसंल. मला म्हाईत न्हाय.”

रजिस्टरमधली सही आणि पत्रातली सही शेजारी ठेवली तर शाळकरी पोरालाही कळले असते. खोटे बोलणारी माणसे मी रोज पाहत होतो. ती तुमच्याकडे बघून बोलतात, पटतेय का ते तपासत असतात. हा माणूस दाराकडे बघत होता. तिथे माझ्या हवालदाराशिवाय कुणी नव्हते. त्याने असे का करावे हे मला कळेना, आणि जे कळत नाही त्याची मला चीड येते. मी आवाज चढवला. त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले, पण उत्तर बदलले नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर आले. इस्त्रीचा शर्ट, मवाळ आवाज. चहा नको म्हणाले, पाणी घेतले.

“साहेब, माणूस वाईट नाही हो. कुणीतरी डोक्यात भरवलंय. त्याने एवढंच लिहून द्यावं की तक्रार खोटी होती, आम्ही केस मागे घेतो. आम्हाला कुणाचं वाटोळं करायचं नाही.”

“आणि लिहून दिलं नाही तर?”

“कामगार फार चिडलेत. कंपनीला टाळं लागलं तर पोटावर पाय येईल, असं त्यांना वाटतं. त्याची खोली कारखान्यामागच्याच चाळीत आहे. बायको, तीन लहान मुलं. आता आम्ही कुणाकुणाला आवरणार, तुम्हीच सांगा.”

हे सगळे ते अतिशय काळजीच्या सुरात बोलले. शिवीगाळ करणारा माणूस मला कधी भीतीदायक वाटला नाही. या गृहस्थांनी ‘तीन लहान मुलं’ म्हटले तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. ऑपरेटर दाराकडे का बघत होता हे मला त्या क्षणी समजले.

ते जीपमध्ये बसून गेले. बाहेरच्या बाकावर खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी बसली होती. सुकत घातलेली मासळी कुणीतरी तुडवली अशी तिची तक्रार होती. जीपकडे हात करून ती म्हणाली, “ती भोंग्याची कंपनी ना रं सायब?”

“कसला भोंगा, आजी?”

“दर सोमवारी धा वाजता वाजं. आमी त्याच्यावरच सोमवार वलकू. शिमग्याच्या आधीपासून वाजलाच नाय. पोरं इचारतात, आजे, भोंगा मेला काय? मी काय सांगू, मना काय म्हाईत?”

ती पुन्हा मासळीच्या तक्रारीकडे वळली, पण माझे लक्ष तिथेच अडकले. पत्रातही साधारण तेवढ्याच महिन्यांचा उल्लेख होता. मी तिचा जबाब घेतला आणि अंगठा घेतला. भोंग्यासाठी अंगठा कशाला, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही.

मग मी पंचांना घेऊन कारखान्यात गेलो. खोटे कशाला बोलू, त्या शेडमध्ये पाऊल टाकताना माझी पाचावर धारण बसली होती. माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या पिवळ्या टाक्या आडव्या मांडलेल्या, आणि घशात खवखवणारा एक तिखट वास. मॅनेजरनी हसून बटण दाबले. भोंगा वाजला, असा की कानठळ्या बसाव्यात. “बघा साहेब, चालूच आहे,” ते म्हणाले. भोंग्याकडे गेलेली वायर नवी कोरी, चकचकीत होती. पण मला त्याहून महत्त्वाचे काही दिसले. भोंगा वाजताच आवारातले पाच-सहा कंत्राटी कामगार हातातले टाकून गेटकडे पळत सुटले होते. एक जण तर घमेल्याला अडखळून पडला आणि तसाच उठून धावला. दर सोमवारी चाचणीचा भोंगा ऐकणारी माणसे अशी जिवाच्या आकांताने पळत नाहीत. मी ते पंचनाम्यात लिहून घेतले. मॅनेजरचे हसू मावळले.

तरी ते रजिस्टर आड येत होतेच. त्याच माणसाने रोज ‘ओके’ लिहिले आणि त्याच माणसाने ‘बंद आहे’ म्हणून तक्रार केली. कोर्ट कशावर विश्वास ठेवणार?

भर दुपारी मी साध्या कपड्यात चाळीत गेलो. ऑपरेटर पाळी संपवून घरी आला होता. दार त्याच्या बायकोने उघडले, आधी बोटभर, मग पूर्ण. दहा बाय बाराची खोली, वर लाकडी माळा. माळ्यावर तीन लहान अंथरुणे नीट घातलेली. जून लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता, पत्र्याखाली तो माळा तव्यासारखा तापत असणार. खाली फरशीवर मोकळी, गार जागा होती. दाराशी पाण्याची बादली आणि तीत बुडवलेले पाच पंचे.

“मुलं वर झोपतात?” मी विचारले.

बायको म्हणाली, “गॅस जड असतोय म्हनं. भुईसरपट येतोय. म्हनून ह्येनीच पोरांची हातरुनं वर न्हेली. रातच्याला पोरं उकाड्यानं रडत्यात. पंचे तोंडाला बांधायला. मी रोज पानी बदलते.”

मग तो बोलू लागला. शिमग्यानंतर एकदा टाकीच्या तोंडाशी थोडीशी गळती झाली होती. भोंगा वाजला नाही. शेजारच्या कंत्राटी पोराला खोकल्याची उबळ आली, तो गुडघ्यावर बसला आणि फेस ओकला, तेव्हा कळले. त्या पोराला रिक्षात घालून पाठवले आणि काम पुढे चालू. “त्या दिवसापास्नं झोप न्हाय साहेब. पाळीवर आसलो की वाटतं घरी काय झालं आसंल. घरी आसलो की वाटतं आता येतंय.”

“मग पत्र तुम्हीच लिहिलं.” मी नकळत अरेतुरेवरून ‘तुम्ही’वर आलो होतो.

तो पुन्हा दाराकडे बघू लागला. बायकोच म्हणाली, “त्येनीच लिहिलंय. पाकीट मी चिकटवलंय. घाला आम्हाला दोघास्नी आत.”

“गप!” तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, रजिस्टरात ओके मीच लिहितोय. समदेच लिहित्यात. पाळीवर गेलं की आदी आठी तासांचे रकाने भरायचे, सही ठोकायची, मग कामाला लागायचं. सुपरवायझर तसंच सांगतोय. आता पत्र माजं म्हनलं तर म्हंतील, तू सरकारी रजिस्टर खोटं लिहिलंस. मलाच बेड्या पडतील.”

म्हणजे त्याची भीती अशी होती. कंपनीला तो घाबरत होताच, पण त्याहून जास्त तो स्वतःच्या सहीला घाबरत होता.

त्या संध्याकाळी मी कायद्याचे पुस्तक काढून बसलो. अब्रुनुकसानीच्या कलम चारशे नव्व्याण्णवला दहा अपवाद आहेत. त्यातला आठवा सांगतो की, ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार म्हणजे अब्रुनुकसानी नव्हे. कारखाना निरीक्षक तर त्याच कामासाठी नेमलेला असतो. आणि सद्‌भावना म्हणजे काय, तर पुरेशी काळजी घेऊन, लक्षपूर्वक केलेली गोष्ट. जो बाप उकाड्यात पोरांना माळ्यावर झोपवतो त्याच्या सद्‌भावनेला आणखी काय पुरावा हवा? पण हे संरक्षण घ्यायचे तर आधी पत्र आपले म्हणावे लागते. ‘मी लिहिलेच नाही’ म्हणणाऱ्याने कोणत्या तोंडाने सांगायचे की मी सद्‌भावनेने लिहिले? हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला की तो खोटारडा ठरणार, आणि एकदा खोटारडा ठरला की त्याचे खरेही कुणी ऐकणार नाही. आयुष्यभर मी गुन्हेगारांकडून कबुली घेतली. या वेळी ती निर्दोष माणसाकडून घ्यायची होती, आणि ते कितीतरी अवघड निघाले.

रजिस्टरचे कोडे आमच्याच ठाण्यात सुटले. लॉकअपच्या पहाऱ्यावरचा हवालदार दर तासाला आरोपी मोजून वहीत नोंद करतो. दुपारी बाराच्या सुमारास मी वही पाहिली, तर चार वाजेपर्यंत ‘आरोपी तीन, ठीक’ असे लिहून तयार! त्यातला एक आरोपी अकराला कोर्टात गेला होता.

“हवालदार, तिसरा कुठं ठेवलाय? खिशात?”

“सायेब, ते काय, टेन्शन नको म्हणून आधीच लिहून टाकतो. सगळेच टाकतात.”

मी त्याला झापायला तोंड उघडले आणि तसाच उठलो. कंपनीचा गठ्ठा काढला. मे महिन्यात त्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळून दीड दिवस वीज नव्हती. आम्हीही ठाण्यात मेणबत्त्या लावून बसलो होतो. वीज कार्यालयातून मी तारीख-वेळेचा दाखला आणला. भोंगा त्याच लाइनवर होता, त्याला वेगळी बॅटरी नव्हती. आणि कंपनीने स्वतः कोर्टात दिलेल्या रजिस्टरमध्ये त्या दीड दिवसातल्या प्रत्येक तासाला, तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या ऑपरेटरांच्या सह्यांनिशी लिहिले होते: ‘भोंगा – ओके’. त्या रजिस्टरची किंमत आता रद्दीएवढीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला बोलावले. त्याला खुर्चीत बसवले, दार लोटून घेतले. आठवा अपवाद सोप्या भाषेत सांगितला, विजेचा दाखला दाखवला. मला अटकेचा अधिकारच नाही हे तीनदा सांगितले. खाकीकडे बघून त्याला ते खरे वाटत नव्हते.

“खरं बोललो तर वाचीन का साहेब?”

“वाचाल,” मी म्हणालो. शब्द दिला.

त्याने दाखल्यावरचा शिक्का बोटाने चाचपला. मग म्हणाला, “लिवा. पत्र माजंच हाय.” मी जबाब लिहीत गेलो: पत्र, गळती, माळा, पंचे. खरे तर तिथेच पुरे होते. पण जबाबात फट ठेवायची नाही ही माझी जुनी खोड. वरिष्ठ मला त्यासाठी शाबासकी द्यायचे. मी आणखी एक प्रश्न विचारला.

“रजिस्टरात न तपासता ओके तुम्हीच लिहीत होता?”

“व्हय साहेब. मीच.”

तेही लिहून घेतले. जबाब पक्का झाला म्हणून मी मनातून खूश होतो.

अहवाल गेला. मॅजिस्ट्रेटनी तो वाचून समन्स न काढताच फिर्याद फेटाळली. निरीक्षकांनी पुन्हा भेट दिली आणि कंपनीवर वेगळा खटला भरला. ऑपरेटर आणि त्याची बायको ठाण्यात येऊन पेढे देऊन गेले. नोकरीत इतके निर्मळ समाधान मला क्वचितच मिळाले असेल.

ते दोनच महिने टिकले. कंपनीने कोर्टातून माझ्या अहवालाची आणि सोबतच्या जबाबांची नक्कल काढली. ऑपरेटरला आरोपपत्र दिले: सुरक्षेच्या रजिस्टरमध्ये खोट्या नोंदी केल्याची स्वतः कबुली दिली आहे. खातेनिहाय चौकशी झाली आणि त्याला बडतर्फ केले. त्याच रजिस्टरमध्ये तेच ‘ओके’ लिहिणाऱ्या बाकीच्यांना कुणी हात लावला नाही. त्यांचा जबाब कुणी घेतलेला नव्हता.

ऑपरेटरने कामगार न्यायालयात दाद मागितली. पुढे मला साक्षीचे समन्स आले, कंपनीच्या बाजूने. पिंजऱ्यात उभे करून त्यांच्या वकिलांनी दोन प्रश्न विचारले. हा जबाब तुम्ही घेतला का? होय. त्याने तो राजीखुशीने दिला का? होय. दोन्ही उत्तरे खरी होती. समोरच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाकडे बघण्याची हिंमत मला झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात ते दोघे उभे होते. त्याने सवयीने हात जोडले. तो अजून मला घाबरत होता, आणि ते मला सर्वांत जास्त लागले. त्याची बायको मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

“साहेब,” ती म्हणाली, “अजून काय इचारायचं ऱ्हायलंय का?”

ती त्याचा दंड धरून जिना उतरून गेली.

काही वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागला, असे ऐकले. पण तोवर कारखान्याला टाळे लागले होते आणि परत घ्यायला नोकरीच उरली नव्हती. ते कुटुंब गावी गेले की कुठे, मला कळले नाही. शोधून काढणे अवघड नव्हते. मी शोधले नाही, कारण मला भीती वाटली.

नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देताना मी हे प्रकरण सांगत असे. कायद्याने त्या पत्राला संरक्षण दिले होते, पत्र लिहिणाऱ्याला दिले नव्हते, हे मला उशिरा समजले. मी फक्त माझ्या अहवालापुरते बघितले. हा जबाब उद्या आणखी कुणाच्या हातात पडेल, याचा विचार मी केला नाही. पोरे विचारायची, “सर, मग तो शेवटचा प्रश्न विचारायलाच नको होता का?” मी सांगायचो, “नको होता.” ती वहीत लिहून घ्यायची आणि मी पुढच्या विषयाकडे वळायचो. ‘वाचाल’ असा शब्द मी त्याला दिला होता, हे मात्र त्यांना कधी सांगितले नाही. ते आज पहिल्यांदाच सांगतो आहे.